दहावी-बारावी घरून करायची तर: कोकणातल्या पालकांसाठी आखणी

'ऑनलाइन शाळा' या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे शिकवणी. धडे मिळतात, चाचण्या होतात, पण प्रमाणपत्र मिळत नाही. दुसरी मुक्त मंडळाची. मंडळ परीक्षा घेतं, गुणपत्रिका देतं, पण रोजचं शिकणं बरंचसं तुमच्यावर सोडतं. तिसरी पूर्ण आभासी शाळा. वर्ग, हजेरी, शिक्षक सगळं पडद्यावर असतं आणि परीक्षा कुठल्या तरी मंडळाची असते. फी भरल्यावर पालकांची जी फसगत होते ती बहुतेक वेळा पहिलीला तिसरी समजल्यामुळे. म्हणून माहिती देणाऱ्याला सगळ्यात आधी विचारायचं ते हे: दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कोणत्या मंडळाचं येणार? शाळेचं नव्हे, मंडळाचं. उत्तर एका वाक्यात येत नसेल तर फोन ठेवून द्यावा. नाव सांगितलंच, तर ते मंडळ 'कोब्से' या शालेय मंडळांच्या परिषदेच्या यादीत आहे का, ते स्वतः पाहावं. संस्थेने पाठवलेल्या फोटोवर भागवू नये.

दुसरा प्रश्न परीक्षा केंद्राचा. वर्ग पडद्यावर भरतो, पण बोर्डाची परीक्षा खुर्चीत बसून हातानेच लिहावी लागते. तेव्हा सगळी आखणी परीक्षेच्या दिवसापासून मागे मोजत करायची. केंद्र कुठे, प्रात्यक्षिक कुठे, अर्जाची तारीख कोणती, हे आधी ठरवा. कोणतं अ‍ॅप घ्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

बारावीनंतर कुठे जायचं आहे?

हे नववीतच विचारून ठेवावं लागतं, कारण काही दारं मागाहून उघडत नाहीत. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या प्रवेशाला राज्याचा उमेदवार म्हणून उभं राहायचं तर साधारण नियम असा: दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून झालेल्या हव्यात आणि जन्म इथला किंवा अधिवास प्रमाणपत्र इथलं हवं; परीक्षा बाहेरून झाली असेल तर उमेदवाराच्या किंवा आई-वडिलांच्या अधिवास प्रमाणपत्रावर वेगळ्या गटातून उभं राहावं लागतं. वैद्यकीयच्या राज्य कोट्याला मात्र दोन्ही परीक्षा राज्यातूनच झालेल्या असाव्या लागतात. मुलगी राहते देवगडात, आंब्याच्या बागेत वाढली, पण दहावी केली परराज्यातल्या आभासी शाळेतून. अशा वेळी बाकी सगळे कागद असूनही वैद्यकीयच्या कोट्यात अडतं. सवलतीच्या प्रवर्गांचे नियम आणखी वेगळे असतात. राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका दरवर्षी निघते. तिच्यातलं पात्रतेचं प्रकरण छापून घ्या आणि त्यावर बोट ठेवून संस्थेला प्रश्न विचारा.

मुक्त मंडळातून बारावी केलेल्यांना वैद्यकीय प्रवेशाची वाट अनेक वर्षं वादात होती. मान्यताप्राप्त मुक्त मंडळाच्या विद्यार्थ्यांना 'नीट' ही वैद्यकीयची प्रवेश परीक्षा देता येते, हे सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये स्पष्ट झालं. जेईई या अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची बारावी चालते, मात्र किमान पाच विषयांची. चारच विषय घेतलेत तर तिथे थांबावं लागतं. आयटीआय, पदविका, कृषी यांचे नियम पुन्हा निराळे.

वाटा कोणत्या

सगळ्यात कमी जोखमीची वाट म्हणजे नाव गावातल्या किंवा तालुक्याच्या शाळेतच ठेवायचं आणि जे तिथे मिळत नाही तेवढंच ऑनलाइन घ्यायचं. कोकणात बहुतेकांची अडचणही तेवढीच असते. गणिताची जागा रिकामी आहे, इंग्रजीला तासिका तत्त्वावरचे सर दिवाळीनंतर आले, अकरावी विज्ञान थेट तालुक्याला. एका-दोन विषयांसाठी अख्खी शाळा सोडू नये. सोडली की सोबत काय काय जातं ते पाहा. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण शाळा देते. दहावीला भाषेचे ८० लेखी आणि २० अंतर्गत, गणित आणि विज्ञानाला ४०-४० चे दोन पेपर आणि २० अंतर्गत. कला आणि खेळाचे वाढीव गुण शाळेमार्फतच जातात. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती मिळाली असेल तर वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत येतात, पण मूल शासकीय किंवा अनुदानित शाळेत नियमित असेल तरच. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, तोही शाळेच्या नावावर. मुक्त मंडळाच्या अभ्यासकेंद्राला महिन्यातून चार खेपा मारायची वेळ आली की या पासाची किंमत कळते.

अकरावीच्या प्रवेशाची पद्धत २०२५-२६ पासून बदलली. त्या वर्षी केंद्रीय ऑनलाइन प्रवेश मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरता न राहता सगळ्या राज्याला लागू झाला, म्हणजे कोकणालाही. पसंतीक्रम दहापर्यंत देता येतात. गुण चांगले आहेत म्हणून पहिले चार पर्याय रत्नागिरीचे घातले आणि घराजवळचं कॉलेज शेवटी ढकललं, तर मिळेल ते रत्नागिरीचंच, आणि मग भाड्याची खोली शोधा. क्रम लावताना गुणांबरोबर एसटीची वेळही समोर ठेवा. सकाळची गाडी किती वाजता आणि परतीची शेवटची किती वाजता, हे ज्या कॉलेजाला जुळतं तेच वर घ्या.

इथे एक खबरदारी घ्या. नाव एका कॉलेजात, मूल वर्षभर दुसऱ्याच क्लासच्या पडद्यासमोर, आणि हजेरी 'सांभाळून घेतली जाईल', असं आश्वासन कोणी देत असेल तर त्यात पडू नका. ७५ टक्के हजेरीची अट आहे. २०२५ मध्ये सीबीएसईने तर स्पष्टच सांगितलं की अशा डमी विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला बसता येणार नाही आणि त्यांनी मुक्त विद्यालयाचा मार्ग धरावा. शाळेत जायचंच नसेल तर सरळ मुक्त मंडळाचा अर्ज भरलेला बरा.

राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म ही दुसरी वाट. खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं, अभ्यास घरी करायचा, परीक्षा बाकीच्यांबरोबर द्यायची. पुस्तकं बालभारतीचीच, प्रमाणपत्रही राज्य मंडळाचं, त्यामुळे पुढच्या प्रवेशात कोणी भुवया उंचावत नाही. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. त्याची प्रिंट, शुल्काची पावती आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला निवडलेल्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात नेऊन द्यायचा. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आधार आणि पासपोर्ट फोटो लागतातच. अर्ज पावसाळ्यात सुरू होतात आणि बघता बघता बंद होतात. गणपतीनंतर बघू म्हणणारे विलंब शुल्क भरतात किंवा वर्ष घालवतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे कोकण विभागीय मंडळात येतात, रायगड मुंबई विभागीय मंडळात. मंडणगडचा माणूस आणि महाडचा माणूस एकाच बाजारात भेटत असले तरी त्यांची कार्यालयं वेगळी, हे चौकशीला निघण्यापूर्वी ध्यानात असू द्या. ही वाट मुख्यतः कला-वाणिज्य करणाऱ्यांना सोयीची. विज्ञानाचं घोडं प्रात्यक्षिकांपाशी अडतं.

राष्ट्रीय मुक्त विद्यालय: नीट समजून घ्या

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ ची आहे, केंद्र सरकारची आहे आणि तिचं प्रमाणपत्र इतर मंडळांच्या बरोबरीचं धरलं जातं. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं, बारावीसाठी १५. पाच विषय, त्यात किमान एक भाषा, उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. सगळे विषय एकदम देण्याची सक्ती नाही. सुटलेले विषय खात्यावर जमा राहतात. खेळाडू, दीर्घ आजारातून उठलेलं मूल, मध्येच शाळा सुटलेला मुलगा यांच्यासाठी ही रचना फार सोयीची. शिस्तीचा कंटाळा म्हणून येणाऱ्यासाठी तीच घातक, कारण 'पुढच्या वेळी देऊ' म्हणायला नऊ संधी असतात.

एप्रिलच्या परीक्षेचे प्रवेश साधारणपणे मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, ऑक्टोबरच्या परीक्षेचे सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. त्यानंतर विलंब शुल्क लागतं. दहावीचा निकाल लागल्यावर विचार सुरू करणाऱ्यालाही जुलैपर्यंत वेळ मिळतो, पण अभ्यासकेंद्र हवं ते मिळेलच असं नाही. महाराष्ट्राचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. अर्जात अभ्यासकेंद्र निवडताना नकाशावर सरळ रेषा मोजू नका. गुहागर तालुक्यातलं धोपावे ते दाभोळ पाण्यावरून हाकेच्या अंतरावर आहे. फेरी बंद असली की रस्त्याने दिवस जातो. केंद्रात प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी विचारा: माझ्या विषयांचे संपर्क वर्ग खरोखर होतात का, प्रात्यक्षिकं इथेच होतात का, आणि गेल्या वर्षी परीक्षा केंद्र कुठे आलं होतं. तिसऱ्या उत्तरावर मुक्कामाचा खर्च ठरतो.

दहावीला मराठी माध्यम मिळतं. बारावीला कोणता विषय कोणत्या माध्यमात आहे हे माहितीपुस्तिकेत विषयागणिक पाहावं लागतं. मराठी शाळेतून आलेल्या मुलासाठी ही बाब फीपेक्षा मोठी आहे. दर विषयाचे लेखी स्वाध्याय असतात आणि त्यांना २० टक्के भार असतो. ठरलेल्या तारखेला ते गेले नाहीत तर तेवढे गुण परीक्षेत भरून निघत नाहीत. बारावी विज्ञानात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्ही वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागतात, हेही अनेकांना निकालानंतर समजतं. दुसऱ्या मान्य मंडळात उत्तीर्ण झालेल्या दोन विषयांपर्यंतचे गुण इकडे वळवता येतात. राज्य मंडळात दोन-तीन विषय राहिलेल्यांसाठी हा मोठा आधार. दहावी आणि बारावीत मात्र दोन वर्षांचं अंतर धरूनच चाला. घाई करून वाचवलेलं वर्ष पुढच्या प्रवेशात अडचण होऊन परत येतं.

परराज्यातल्या आभासी शाळांबद्दल थोडक्यात. दिल्ली सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये नववी ते बारावीसाठी आभासी शाळा सुरू केली आणि देशभरातल्या मुलांना अर्ज खुला केला. तिची बरीच चर्चा झाली. अशा शाळा ज्या मंडळाशी जोडलेल्या असतात त्याची मान्यता सध्या काय आहे, हे अर्ज करण्याच्या आठवड्यात तपासा, आणि वर सांगितलेला राज्य कोट्याचा मुद्दा विसरू नका. केंब्रिजसारख्या परदेशी मंडळांची ऑनलाइन शाळा घेतली तर परीक्षेला केंद्र शोधून मोठ्या शहरात जावं लागतं आणि दर विषयाचं परीक्षा शुल्क वेगळं. चिपळूणच्या मुलाला हे अशक्य नाही, पण हिशेब आधी मांडा.

रेंजची परीक्षा जुलैत घ्या

प्रवेशाच्या जाहिराती एप्रिल-मेमध्ये येतात. तेव्हा आकाश मोकळं, झाडं कोरडी, नेट पळतं. त्या भरवशावर वर्षाची फी भरली जाते आणि मिरग लागला की पडदा गोठतो. ओली पानं मोबाईलचे तरंग अडवतात, जास्त फ्रिक्वेन्सीचे तर जास्तच, आणि आपली घरं नारळी-पोफळीत, फणसाच्या सावलीत, डोंगराच्या कुशीत. त्यात लाईट गेली की टॉवरची बॅटरी काही तासांत उतरते. म्हणून निवड उन्हाळ्यात करायची असली तरी गेल्या पावसाळ्यातली स्थिती आठवून करा. शक्य असेल तर आदल्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्येच आठवडाभर मोजमाप घेऊन ठेवा.

मोजायचं असं: दिवसातून चार वेळा, म्हणजे सकाळी ६, ११, दुपारी ४ आणि रात्री ९ वाजता, जिथे मूल बसणार त्याच जागी स्पीड टेस्ट घ्यायची आणि कॅलेंडरवर तीन आकडे लिहायचे: डाउनलोड, अपलोड आणि पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद. थेट वर्गासाठी दोन्ही बाजूंनी किमान १.५ एमबीपीएस सातत्याने हवं आणि पिंग १५० च्या आत. फक्त डाउनलोड पाहून समाधान मानू नका. मुलाने प्रश्न विचारला की जातो तो अपलोडवरून. तो अर्ध्यावर असेल तर मूल ऐकत बसतं, बोलत नाही, आणि दोन महिन्यांत वर्गातून मनाने उठतं. ओटीवर, माडीवर, मागच्या दारी, सगळीकडे मोजा. दहा पावलांवर दुप्पट फरक पडतो. जिथे चांगली रेंज आहे तिथे जुना फोन हॉटस्पॉट करून खिडकीत ठेवायचा आणि मूल आत बसवायचं, हा बिनखर्चाचा उपाय बऱ्याच घरांत पुरतो. न पुरल्यास सिम लागणारा राउटर आणि बाहेर कौलांच्या वर अँटेना.

गावात ग्रामपंचायतीपर्यंत सरकारच्या भारतनेटची किंवा केबलवाल्याची फायबर आली असेल तर ती आधी घ्या. पण ती खांबांवरून येते, आणि जून-जुलैत एक आंब्याची फांदी पडली की तीन-चार दिवस गेले. म्हणून दुसरा रस्ता हवाच. तो घेताना दुसऱ्या कंपनीचं सिम घेतलं म्हणजे झालं असं समजू नका. दोन्ही कंपन्या एकाच टॉवरवर असतील तर त्याची वीज गेल्यावर दोन्ही जातात. लाईट गेल्यावर दोन तासांनी कोणतं सिम जिवंत राहतं, ते एकदा बघून ठेवा.

आणि गणपती. चाकरमानी आले की त्याच टॉवरवर गावाच्या तिप्पट फोन चढतात. त्या आठवड्यात संध्याकाळचा थेट वर्ग चालणार नाही, हे गृहीत धरून चाला. शाळेला आधी सांगून रेकॉर्डिंग मागून ठेवा.

डेटाचा हिशेब साधा आहे. कॅमेरा चालू ठेवून सामूहिक व्हिडिओ वर्ग केला तर तासाला साधारण ८०० एमबी ते १ जीबी जातो. रोज चार तास म्हणजे सव्वातीन ते चार जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये तो बसत नाही. तिसऱ्या तासाला वेग घसरतो आणि शिक्षकांना वाटतं मूल पळालं. ३६० पिक्सेलवर पाहिलेला धडा तासाला ३०० एमबीच्या आसपास घेतो, नुसता आवाज ६० एमबीहून कमी. तेव्हा मुलाचा कॅमेरा हजेरीपुरता चालू ठेवा, नंतर बंद. रोज थेट वर्ग दोन, फार तर तीन, ४० मिनिटांचे. बाकीचे धडे पहाटे ५ ते ७ मध्ये उतरवून ठेवा; तेव्हा टॉवर रिकामा असतो. शाळा रोज पाच-सहा तास थेट बसायलाच लावत असेल आणि रेकॉर्डिंग देत नसेल, तर ती शाळा कितीही नावाजलेली असली तरी कोकणातल्या वाडीसाठी नव्हे.

आगोट

पावसाआधी आपण सुकी मासळी, मीठ-मसाला, लाकडं भरतो. तशीच अभ्यासाची आगोट भरायची. बालभारतीची सगळी पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात; ती फोनवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे धडे सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये उतरवून नेटशिवाय पाहता येतात. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पहिल्या सत्राचे सगळे उतरवून घ्या. गेल्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका छापूनच ठेवा, पडद्यावर सोडवू नका. डीडी फ्री डिशवर पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या आहेत, त्यांना महिन्याचं भाडं नाही. मात्र छत्रीचा सिग्नल मुसळधार पावसात तुटतो, आणि अनेक धडे हिंदी-इंग्रजीत असतात.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत लाईट यायला आठवडे लागले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलैला चिपळूणचा पूर. हे अपवाद म्हणून सोडून देता येत नाहीत. वर्षाच्या वेळापत्रकात जून ते ऑगस्टमधले पंधरा दिवस 'नेट नाही, लाईट नाही' म्हणून आधीच वजा करा. त्या पंधरवड्यासाठी कागदावरचं काम निवडून ठेवायचं: भाषेचं लेखन, भूमितीची प्रमेयं, नकाशे.

विजेचं म्हणाल तर राउटरला बहुधा १२ व्होल्ट आणि ८-१० वॅट पुरतात. राउटरसाठीचे छोटे यूपीएस मिळतात. ३० वॅट-तासांचा घेतला तर तीन तास निघतात. घेण्यापूर्वी अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट आणि पिनचा आकार जुळवा; ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून तो जाळणारे बरेच आहेत. १०,००० एमएएचची पॉवरबँक मोठा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा भरते, दोनदा नव्हे. गरम होण्यात एक तृतीयांश तरी जातं. विजा कडकडू लागल्या की प्लग काढाच, आणि बाहेरच्या अँटेनाची तारही काढा. फायबरमधून वीज येत नाही. येते ती वीजजोडणीतून आणि तांब्याच्या लॅन केबलमधून. कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंग कमकुवत असतं, उन्हाळ्यात खड्डा सुकला की आणखीच. वायरमनकडून ते मोजून घ्या, मग लॅपटॉप लावा. किनाऱ्यालगत खारी हवा चार्जिंगच्या पिना खाते, आणि लॅपटॉप पावसाळाभर कपाटात राहिला तर बुरशी धरतो. तो रोज चालू राहिला तर टिकतो.

फोन एवढंच साधन असेल तर ऐकण्यापुरतं चालेल, गणितासाठी नाही. १० इंची टॅब किंवा जुना लॅपटॉप पाहण्यासाठी, आणि फोन वही दाखवण्यासाठी. दोन डबे, वर लाकडी पट्टी, त्यावर फोन, मागचा कॅमेरा खाली वहीकडे करून. शिक्षकांना मुलाची ओळ न् ओळ दिसते.

हात आणि प्रयोग

ऑनलाइन शिकणारं मूल बोर्डात मागे पडतं ते न कळल्यामुळे कमी, लिहिणं न आटपल्यामुळे जास्त. वर्षभर बटणं दाबून उत्तरं दिलेला हात तीन तासांच्या भाषेच्या पेपरला दुसऱ्या तासातच दुखतो. जूनपासून रोज दोन पानं हाताने, दिवाळीनंतर आठवड्याला एक पूर्ण पेपर आणि डिसेंबरपासून दोन. ४० गुणांचा गणिताचा पेपर दोन तासांचा. घड्याळ लावून, सकाळी ११ वाजता, परीक्षेच्याच वेळेला. तपासायला घरच्यांपेक्षा गावातले निवृत्त मास्तर बरे. शिमगा आणि परीक्षा बहुतेक वर्षी एकमेकांवर येतात. पालखी घरी यायच्या दिवशी कोणता पेपर आहे, हे वेळापत्रक लागताच पाहून ठेवा आणि मूल त्या दिवसांपुरतं कुठे राहील ते ठरवा.

विज्ञानाचे प्रयोग व्हिडिओवर पाहून हाताला येत नाहीत. नववी-दहावीपुरतं बरंच घरी करता येतं. एक मीटर दोऱ्याला जड नट बांधून लंबक केला तर २० आंदोलनांना जवळजवळ ४० सेकंद लागायला हवेत. ३६ आले तर मोजण्यात चूक आहे. लांबीही नटाच्या मध्यापर्यंत मोजा, गाठीपर्यंत नव्हे. रातांब्याचा रस आम्लात लाल राहतो, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात रंग पालटतो. लिटमस नसला तरी दर्शक घरात आहे. बहिर्गोल भिंगाने समोरच्या माडाची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडा, भिंग ते भिंत अंतर म्हणजे जवळजवळ नाभीय अंतर. ओहमच्या नियमाला स्वस्त मल्टिमीटर, चार सेल आणि तीन-चार रोध पुरतात. अकरावी-बारावीचं मात्र घरी भागत नाही. राज्य मंडळात भौतिक, रसायन, जीवशास्त्राला प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. अनुमापन, सूक्ष्मदर्शक, व्हर्निअर यांना प्रयोगशाळाच हवी. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयाला दिवाळीच्या सुट्टीत प्रयोगशाळा वापरू देण्याची लेखी विनंती जूनमध्येच करा. ऐनवेळी गेलात तर रसायनं संपलेली असतात.

कागद

शाळेतून नाव काढण्यापूर्वी दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात आधारशी अक्षरन् अक्षर जुळवा. 'सावंत' आणि 'सावन्त' एवढ्या फरकावर अर्ज परत येतात, आणि दहावी झाल्यावर दुरुस्ती फार जड जाते. यू-डायस प्लस या सरकारी शाळा-नोंद प्रणालीतला मुलाचा कायम क्रमांक आणि अपार हा विद्यार्थी ओळख क्रमांक लिहून घ्या. जुनी शाळा त्या प्रणालीत मुलाची नोंद सोडते की नाही हेही पाहा; न सोडल्यास पुढच्या शाळेत परत घालताना अडतं. दाखल्याच्या पाच साक्षांकित प्रती करून ठेवा. राखीव प्रवर्गातल्या, विज्ञान घेणाऱ्या मुलाची जात पडताळणी एरवी कॉलेजमार्फत सुरू होते. मुक्त मंडळात ती आठवण करून देणारं कोणी नसतं, तेव्हा अकरावीच्या वर्षातच जिल्ह्याच्या समितीकडे चौकशी करा. मुक्त मंडळाची दहावी करून पुन्हा कॉलेजात यायचं तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतं. निकालासोबत ते हातात आलं की नाही ते पाहा.

हॉलतिकीट आलं की दोन दिवसांच्या आत केंद्र पाहून या. पहिली एसटी तिथे किती वाजता पोचते आणि पेपर किती वाजता, यात एक तासापेक्षा कमी फरक असेल तर मुक्काम त्याच गावात करा, आणि खोली आधीच सांगून ठेवा. मार्चमध्ये देवगड-रत्नागिरीच्या बाजूला आंब्याचे व्यापारी आणि पर्यटक यांच्यात खोली सापडत नाही.